आगोटीआधीची एसएसडी

मे महिना संपत आला की कोकणात आगोटीची लगबग सुरू होते. घर शाकारून होतं, फुटकी कौलं बदलली जातात, लाकूडफाटा पडवीत रचला जातो, वाऱ्याच्या बाजूला झावळांची झापं बांधली जातात, सुकी मासळी आणि फणसपोळी डब्यांत जाते. या कामांच्या यादीत माजघराच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर सहसा नसतो. बटण दाबल्यावर तो चार मिनिटांनी जागा होतो, सातबाऱ्याचं पान उघडायला पाचवं मिनिट घेतो, आणि आंबापेट्यांच्या हिशेबाची फाइल समोर येईपर्यंत चहा निवतो. घरातले म्हणतात, म्हातारा झाला, आता नवा घ्यायला हवा.

बहुतेक वेळा म्हातारी झालेली असते ती आतली हार्ड डिस्क. बाकीचा देह अजून काही वर्षं सहज काढील असा असतो. ती काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश चिपांत माहिती ठेवणारा ड्राइव्ह, बसवली की बहुधा भागतं.

खात्री करून घेणं सोपं आहे. मशीन सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसतंय आणि प्रत्यक्ष वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी, असं असेल तर दुखणं डिस्कचं. मेमरीचा रकाना मात्र ९० टक्क्यांच्या वर अडकला असेल आणि रॅम ४ जीबीच असेल, तर नुसत्या एसएसडीने भागणार नाही. आधी रॅम ८ जीबी करा. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कलाच रॅमसारखं राबवतं, आणि मग नव्या एसएसडीवर दिवसभर विनाकारण लिहिणं चालू राहतं.

१०० टक्के राबूनही एकच एमबी, हे कोडं वाटतं. डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, त्याचे ४ मिलिसेकंद. त्याआधी डोकं त्या वर्तुळावर न्यायचे आणखी ८-९. एका लहानशा वाचनाला असे १३ मिलिसेकंद धरले तर सेकंदाला पंचाहत्तरएक कामं होतात, आणि विंडोज सुरू होताना असली बारीक वाचनं हजारोंनी मागतं. लॅपटॉपमधली ५४०० फेऱ्यांची डिस्क तर याहून मंद. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. साधी, साटा वायरीने जोडायची एसएसडी तीच बारीक कामं सेकंदाला हजारोंच्या घरात उरकते.

पहिले पैसे वाचतात ते इथेच. खोक्यावर ५५०, ३५००, ७००० एमबी असे आकडे छापलेले असतात. पहिला साटाचा, दुसरा पीसीआयई ३.० या बोर्डावरच्या वेगवान मार्गाने चालणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीचा, तिसरा ४.० चा. हे सगळे एकच मोठी फाइल सलग वाचण्याचे वेग आहेत. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग कापत बसणाऱ्याला ते कामाचे. बँकेचं पान, हिशेब, मुलांचा अभ्यास, फोटो, छपाई एवढंच करणाऱ्या घरात हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर गेल्याचा फरक आजीलाही कळतो. साटावरून एनव्हीएमईवर गेल्याचा फरक घड्याळ लावल्याशिवाय कळत नाही. वेगासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, या मताला मी तरी ठाम आहे. ते पैसे कोकणात दुसरीकडे लागतात. कुठे, ते पुढे येईलच.

आधी कॅबिनेटची कड उघडून आत काय बसतं ते बघायला हवं. आपल्याकडच्या घरांत अजून चालणाऱ्या डेस्कटॉपांत एच६१ आणि एच८१ चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डाची पिढी ठरवणारी चिप) मदरबोर्ड पुष्कळ. एच६१ वर साटाची चार तोंडं असतात आणि चारही जुन्या ३ गिगाबिट वेगाची. तिथे एसएसडी पावणेतीनशे एमबीच्या आसपास थांबते. तरी बसवावी, कारण आपल्याला हवा आहे तो बारीक कामांचा वेग, आणि तो तिथेही मिळतो. एच८१ वर दोन तोंडं ६ गिगाबिटची आणि दोन ३ ची असतात. बोर्डवर बारीक अक्षरांत तसं छापलेलं असतं. जुन्या डिस्कची वायर काढून तिथेच एसएसडी लावली जाते आणि ती नेमकी मंद तोंडावर बसते, असं वारंवार होतं. या पिढीच्या बोर्डांवर पीसीआयई कार्डात घालून एनव्हीएमई लावली तर विंडोजमध्ये ती दिसते, पण बहुतेकांचं बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) तिच्यावरून मशीन सुरू करू शकत नाही. कुणी 'कार्ड टाकून देतो' म्हणाला तर हे आठवावं. अशा मशीनला अडीच इंची साटा एसएसडीच घ्यावी.

अलीकडच्या बोर्डांवर आणि लॅपटॉपांत एम.२ ची, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डात बसवायची, खाच असते. खाच एक, पण तिच्यात बोलणाऱ्या भाषा दोन: साटा आणि एनव्हीएमई. काही खाचांना एकच समजते, काहींना दोन्ही. पट्टीच्या सोनेरी दातांत एकच फट असेल तर ती सहसा एनव्हीएमई, दोन फटी असतील तर सहसा साटा. पण 'सहसा' या शब्दावर पैसे लावू नयेत, बोर्डाचं मॉडेल बघून मॅन्युअल वाचावं. लांबीही बघायची. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब; काही लॅपटॉपांत २२४२ एवढीच जागा असते. काही बोर्डांवर एम.२ भरली की साटाचं एखादं तोंड आपोआप बंद होतं, आणि मग 'एसएसडी लावली आणि जुनी डिस्क मेली' अशी बोंब होते. डिस्क दुसऱ्या तोंडावर लावली की परत येते. खाच दोन्ही भाषा बोलणारी असेल आणि भाव सारखा असेल तर एनव्हीएमई घ्या, कारण दोन वायरी कमी होतात आणि जोड जितके कमी तितकं आपल्या हवेत बरं. बोर्डाच्या खोक्याबरोबर एम.२ चा बारीक स्क्रू हरवलेला असतो. तो आधी मिळवा. चिकटपट्टीने दाबलेली पट्टी उन्हाळ्यात उचलली जाते.

आता ड्राइव्हच्या पोटात शिरू. फ्लॅश चिपच्या एका पेशीत तीन बिट ठेवले की टीएलसी, चार ठेवले की क्यूएलसी. तीन बिटांसाठी विजेच्या भाराच्या ८ पायऱ्या ओळखाव्या लागतात, चारासाठी १६. पायऱ्या जवळ आल्या की लिहायला वेळ लागतो, झीज लवकर होते आणि चूक व्हायची शक्यता वाढते. हा मंदपणा झाकायला कंपन्या काही भाग एकबिटी पद्धतीने वापरतात. भात कापणीच्या वेळी भारे आधी खळ्यात टाकतात आणि मग सवडीने झोडून कणगीत भरतात, तसंच हे. खळं रिकामं आहे तोवर काम झपाझप. एकदम शंभर-दीडशे जीबी फोटो ओतले की खळं भरतं आणि स्वस्त क्यूएलसी ड्राइव्ह सेकंदाला शंभर एमबीवर किंवा त्याच्याही खाली येतो. जुनी हार्ड डिस्क याहून वेगाने लिहिते! ड्राइव्ह जितका भरलेला तितकं हे खळं लहान, म्हणून १५-२० टक्के जागा कायम मोकळी ठेवायची.

डीरॅम हा दुसरा मुद्दा. कुठली माहिती कुठल्या पेशीत आहे याचा नकाशा ड्राइव्हला सतत लागतो. महाग ड्राइव्हमध्ये त्यासाठी वेगळी डीरॅम चिप, म्हणजे जलद तात्पुरती मेमरी, असते. स्वस्त एनव्हीएमई ड्राइव्ह त्या कामाला कॉम्प्युटरच्याच रॅमचा थोडा तुकडा उसना घेतो. स्वस्त साटा ड्राइव्हला ती सोय नाही, त्यामुळे एकाच वेळी खूप कामं आली की तो अडखळतो. डीरॅममुळे चाल सुरळीत होते एवढंच. लाईट गेल्यावर ड्राइव्ह जास्त सुरक्षित राहतो असं मुळीच नाही. हे दोन मुद्दे दुकानातही एकमेकांत मिसळले जातात.

टीबीडब्ल्यू या आकड्याची भीती मात्र उगाच आहे. किती टेराबाइट लिहून होईपर्यंत वॉरंटी, एवढाच त्याचा अर्थ. क्रुशल बीएक्स५०० च्या ४८० जीबीला १२०, किंग्स्टन ए४०० च्या ४८० जीबीला १६०, सॅमसंग ८७० इव्होच्या ५०० जीबीला ३००. पहिल्या दोघांना डीरॅम नाही आणि वॉरंटी तीन वर्षं, तिसऱ्याला डीरॅम आणि पाच वर्षं. घरच्या मशीनवर रोज २० जीबी लिहिलं जातं असं सढळ हाताने धरलं तरी वर्षाला ७.३ टेराबाइट होतात. १२० ला भागा: सोळा वर्षं. तोवर बोर्डच राहणार नाही. लिहून लिहून झिजलेली घरगुती एसएसडी मी अपवाद समजतो. जातात त्या दुसऱ्याच कारणांनी.

किती जीबीची घ्यावी, याला माझं उत्तर ४८० ते ५१२. २४० ची घेतली तर विंडोजमध्ये २२३ दिसतात, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने; ५०० चे ४६५ होतात तेही त्यामुळेच, कुणी फसवलेलं नसतं. २४० मध्ये विंडोज, त्याचे अपडेट आणि दोन वर्षांचे मोबाइलचे फोटो गेले की मोकळी ठेवायची जागा संपते. शिवाय कमी क्षमतेत चिपा कमी, म्हणून वेगही कमी. भाव बघताना किमतीला जीबींनी भागून रुपये प्रति जीबी काढा. २४० वाली दिसायला स्वस्त आणि भागाकारात महाग निघते. गेल्या वर्षीच्या भावावर विसंबू नका. २०२३ च्या मध्यात फ्लॅशचे भाव तळाला गेले होते, त्यानंतर ते पुन्हा चढले, आणि हा चढउतार भरती-ओहोटीसारखा चालूच असतो. एक टेराबाइट घ्यायची ती सगळे फोटो आत हवे असतील तरच. जुनी हार्ड डिस्क धड असेल तर फोटो तिच्यावर राहू देत.

इथवरची माहिती पुण्यातल्या माणसालाही लागू पडेल. इथून पुढे कोकण सुरू होतं.

पहिल्या वळवाला झाडाची फांदी तारेवर पडते आणि खांबावरचा डीओ (फ्यूज) उडतो. वायरमन येऊन तो बसवतो, लाईट येते, दोन मिनिटांत परत जाते, परत येते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आदळलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी गावांत लाईट यायला आठवडे लागले. पण एसएसडीला आठवड्यांच्या अंधाराने काही होत नाही. तिला घातक ते हे दोन मिनिटांचं येणं-जाणं.

फ्लॅशमध्ये लिहिणं पानापानाने होतं, पुसणं मात्र कित्येक पानांच्या अख्ख्या ब्लॉकचं एकदम. म्हणून ड्राइव्ह रिकामा बसलेला दिसतो तेव्हाही आत खळ्यातून कणगीत वाहतूक चालू असते आणि नकाशा बदलत असतो. त्या क्षणी वीज गेली तर नुकतं लिहिलेलं तर जातंच, शिवाय तीनबिटी पेशीत आधी सुखरूप ठेवलेला बिटही वरचा बिट लिहिता लिहिता बिघडू शकतो. सर्व्हरच्या ड्राइव्हमध्ये यासाठी मोठे कपॅसिटर असतात, ते शेवटचं काम पुरं करण्यापुरती वीज देतात. घरगुती स्वस्त ड्राइव्हमध्ये ते नसतात. बहुतेक वेळा ड्राइव्ह सावरतो. एखाद्या वेळी नकाशाच फाटतो, आणि मग बायोसमध्ये ड्राइव्ह दिसत नाही, किंवा शून्य जीबी दिसतो, किंवा एका प्रचलित कंट्रोलरचे (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपचे) ड्राइव्ह स्वतःचं नाव विसरून 'साटाफर्म एस११' असं नाव सांगू लागतात. हार्ड डिस्क मरायच्या आधी टकटक करते, कण्हते. एसएसडी रात्री ठीक होती आणि सकाळी नव्हती, असं होतं.

ड्राइव्ह दिसेनासा झाला तर लगेच फेकू नका. मशीन बंद करून त्याची डेटा वायर काढा, पॉवरची तशीच ठेवा. मशीन सुरू करून वीस मिनिटं नुसती वीज द्या, मग अर्धा मिनिट पूर्ण बंद, परत वीस मिनिटं. या वेळात ड्राइव्हला नकाशा पुन्हा जुळवायची उसंत मिळते. त्यानंतर डेटा वायर लावून बघा. परत आला तर त्याच दिवशी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. 'साटाफर्म' म्हणणाऱ्यांवर हा उपाय क्वचितच चालतो.

यूपीएस ही म्हणूनच चैन नव्हे. महाग ड्राइव्ह आणि यूपीएस नाही, यापेक्षा साधा ड्राइव्ह आणि ६०० व्हीएचा यूपीएस कधीही बरा. वेगाचे वाचवलेले पैसे इथे घालायचे. त्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. साध्या डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे काम जपून ठेवून रीतसर बंद करायला भरपूर. त्यावर लेझर प्रिंटर लावू नका. तो गरम होताना एवढी वीज ओढतो की यूपीएस बसतो. बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते आणि तशी वर्दी देत नाही, म्हणून दर आगोटीला सगळं काम जपून ठेवून भिंतीवरचा खटका बंद करून बघायचा. पाच मिनिटं टिकत नसेल तर बॅटरी बदला, अख्खा यूपीएस नको.

घराला इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला, असं विचारतात. इन्व्हर्टरच्या पाठीमागे सहसा एक खटका असतो: एकीकडे इको, दुसरीकडे यूपीएस. इकोवर बदल व्हायला ४० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, यूपीएसवर दहाएक. कॉम्प्युटरचा चांगला पॉवर सप्लाय पूर्ण भारावर साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद कळ काढतो, स्वस्तातला त्याहून कमी. म्हणून इकोवर पंखा थांबत नाही पण कॉम्प्युटर दर वेळी दचकून पुन्हा सुरू होतो. खटका यूपीएसकडे करा. मग दुसरी अडचण: त्या बाजूला इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खालची लाईट घेत नाही आणि बॅटरीवर जातो. वाडी डीपीपासून लांब असेल आणि संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल, तर बॅटरी रोज निम्मी होईल. अशा घरात इन्व्हर्टर इकोवर आणि कॉम्प्युटरला वेगळा छोटा यूपीएस, हेच जमतं.

विंडोजमध्ये ड्राइव्हच्या गुणधर्मांत (प्रॉपर्टीज) राइट कॅशिंगखाली दोन चौकोन असतात. दुसरा चौकोन, बफर फ्लशिंग बंद करण्याचा, टिक केला की वेग वाढतो असा सल्ला सर्रास मिळतो. आपल्याकडे तो कधीही टिक करू नका. लाईट गेल्यावर नेमकं काय हरवेल याची हमी तो चौकोन काढून घेतो.

हवेचं दुखणं वेगळं, सावकाश चालणारं. समुद्राकाठी खारा वारा आणि पावसात महिनोन्महिने भिंतींना पाझर. एसएसडीला याचा त्रास हार्ड डिस्कपेक्षा कमी. हार्ड डिस्कला श्वासाचं बारीक भोक असतं, एसएसडीला त्याची गरज नाही. बिघडतात ते जोड. साटाच्या वायरींचे संपर्क काळवंडतात आणि ड्राइव्ह मध्येच गायब होतो, हलवलं की येतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकटच्या प्रोग्रामात सीआरसी चुकांचा (वायरीतून जाताना बिघडलेल्या माहितीचा) आकडा वाढत असेल तर बहुधा ड्राइव्ह ठीक आहे, वायर गेली आहे. नवी वायर फार महाग नसते, आणि एसएसडीच्या खोक्यात ती बहुधा नसतेच, म्हणून खरेदीच्या वेळीच खटक्याच्या पट्टीची एक घेऊन ठेवा. पॉवरची वायर कमी पडली तर जुन्या चारटोकी जोडावरून साटा करणारा जोड घेताना प्लास्टिक ओतून बंद केलेला घेऊ नका. आत तारा एकमेकींना टेकून ते जळाल्याची उदाहरणं बरीच आहेत. तारा वेगवेगळ्या दिसतात असा घ्या. जोड स्वच्छ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. तेलाचा फवारा नको. आणि दर महिन्याला काढ-घाल करू नका, साटाचे आतले जोड जेमतेम पन्नास वेळा काढण्या-घालण्याच्या हिशेबाने बनवलेले असतात.

पावसात मशीन रोज तासभर चालू ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय. स्वतःच्या उबेने ते आतून कोरडं राहतं. झाकायला सुती कापड घ्या, प्लास्टिकखाली घाम धरतो. कुरियरने आलेली एसएसडी भर पावसात लगेच लावू नका, खोकं घरात तीन-चार तास राहू दे. मागच्या उघड्या पट्ट्यांवर जाळी लावा, नाहीतर मुंग्या वसाहत करतात. आणि कॅबिनेट जमिनीवर नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं काही उचलायलाही वेळ मिळाला नव्हता. बंद असताना पाण्यात बुडालेल्या एसएसडीला वीज न देता स्वच्छ धुऊन, अल्कोहोलने पुसून, आठवडाभर सुकवलं तर ती परत यायची शक्यता असते. चालू असताना बुडली तर आशा कमी.

मग येतात बंद घरं. चाकरमान्यांची, गणपतीला आणि शिमग्याला उघडणारी. कुलूप काढल्यावर कॉम्प्युटर लावला की 'डिस्क सापडत नाही' असा निरोप येतो आणि पावसाने एसएसडी खाल्ली असं सगळे समजतात. पुष्कळदा दोष मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या नाण्याएवढ्या बॅटरीचा असतो. ती संपली की बायोस आपल्या मांडण्या विसरतं, डिस्कशी बोलायची एएचसीआय ही पद्धत जाऊन जुनी आयडीई येते, बूटची पद्धत बदलते, आणि धडधाकट एसएसडीवरचं विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं. तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसली की ओळखा. बॅटरी बदला, मांडणी परत एएचसीआय करा. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असू शकते, तेव्हा असल्या बदलानंतर ते रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आहे का ते आधी बघून कागदावर लिहून ठेवा.

वीज नसलेल्या एसएसडीतला भार हळूहळू ओसरतो, हेही खरं. जेडेक या चिप-उद्योगातल्या मानक संस्थेचं घरगुती ड्राइव्हसाठीचं मानक असं: लिहिण्याची पूर्ण मर्यादा संपलेल्या ड्राइव्हने ३० अंश तापमानात विजेशिवाय एक वर्ष माहिती टिकवावी. नवा ड्राइव्ह यापेक्षा खूप जास्त टिकवतो, पण कौलांखालच्या माळ्यावर मे महिन्यात ३० अंश कुठले! माहिती टिकवून ठेवायची पेटी म्हणून एसएसडी वापरू नका. बंद घरातल्या मशीनला गणपतीत नुसती वीज देऊन थांबू नका, सगळ्या फायली एकदा दुसरीकडे कॉपी होऊ देत. वाचताना कमकुवत झालेल्या पानांकडे ड्राइव्हचं लक्ष जातं.

बसवणं हे अर्ध्या दिवसाचं काम. आधी जुन्या डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघा. पेंडिंग किंवा रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर (डिस्कचे संशयित किंवा बिघडलेले तुकडे) शून्यापेक्षा जास्त असतील तर क्लोनच्या (सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करण्याच्या) भानगडीत न पडता आधी फोटो आणि हिशेब उतरवा. आजारी डिस्कचा क्लोन अर्ध्यावर अडकतो आणि तिला आणखी खेचतो. मला विचाराल तर विंडोज कोरं टाकणंच चांगलं, सात वर्षांचा कचरा नव्या जागेत कशाला न्यायचा? ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने इन्स्टॉलर बनवा, बायोसमध्ये एएचसीआय करा, आणि विंडोज टाकताना जुन्या डिस्कची वायर काढून ठेवा. ही शेवटची गोष्ट बरेच जण विसरतात. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या तर विंडोज सुरू होण्याचा भाग जुन्या डिस्कवर लिहिला जाऊ शकतो आणि बाकीचं एसएसडीवर. वर्षभर सगळं ठीक चालतं. मग जुनी डिस्क काढली किंवा मेली की नवीही उठत नाही. विंडोज १० चं मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, आणि ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व बऱ्याच नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. एच६१, एच८१ वाल्यांनी ते जबरदस्तीने टाकण्यापेक्षा लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली करून बघावी. एसएसडीवर ती छान पळते.

क्लोनच करायचा असेल तर जुन्या डिस्कवरची वापरलेली जागा नव्या एसएसडीत मावते का ते बघा, क्लोनझिलासारख्या साधनासाठी आधी पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) आकसून घ्या, आणि झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना फक्त एसएसडी जोडा. मशीन आधी आयडीईवर चालत असेल तर एएचसीआय करण्यापूर्वी विंडोज सेफ मोडवर लावून ठेवा, बदल करून एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा, म्हणजे ते योग्य ड्रायव्हर उचलतं. शेवटी विंडोजच्या ऑप्टिमाइझ ड्राइव्हज पडद्यावर नाव 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' असंच दिसतंय ना ते बघा. तिथून ट्रिम चालतं, म्हणजे पुसलेली जागा ड्राइव्हला कळते. त्याची दुसरी बाजू अशी की एसएसडीवरून पुसून रिसायकल बिन रिकामं केलेला फोटो सॉफ्टवेअरने परत मिळण्याची आशा जवळजवळ नसते.

खरेदीची फसवणूक ओळखीची आहे. दोन टेराबाइटची बाहेरून लावायची 'एसएसडी' एका जेवणाच्या पैशांत मिळत असेल तर आत मेमरी कार्ड डकवलेलं असतं, आणि खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं साधन पूर्ण ड्राइव्ह भरून वाचून बघतं. खोटा असेल तर तिथे उघडा पडतो. खऱ्या कंपनीच्या ड्राइव्हचंही पहिल्या दिवशी क्रिस्टलडिस्कइन्फो बघा. चालू तास दोन-चार आणि लिहिलेली माहिती काही जीबी एवढीच हवी. तिथे हजारो तास दिसले तर माल वापरलेला आहे, त्याच दिवशी परत करा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, बिलाचा आणि लेबलवरच्या सीरियल नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. थर्मल कागदावरची शाई एका पावसाळ्यात उडते. वॉरंटीत नवा ड्राइव्ह मिळतो, आतले फोटो मिळत नाहीत.

त्यासाठी ती काढलेली जुनी हार्ड डिस्क आहेच. सेक्टर धड असतील तर तिला यूएसबीचं कवच घाला. अडीच इंचीला साधं, साडेतीन इंचीला स्वतःच्या अडॅप्टरचं, कारण तिला १२ व्होल्टही लागतात. सातबाऱ्याचे कागद, बागेचा हिशेब, लग्नाचे फोटो त्यावर उतरवा आणि सिलिका जेलच्या चार पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. पुड्या रंगीत दाण्यांच्या असल्या की रंग बदलल्यावर त्या बदलायच्या हे कळतं. डबा त्याच घरात राहिला तर वीज आणि पुरापासून तो वाचेलच असं नाही. म्हणून गौरी-गणपती उरकून चाकरमानी परतीला लागतात तेव्हा नारळ, आमसुलं आणि तांदळाच्या पिठाबरोबर तोही मुंबईला जाऊ दे, वर कागदी चिठ्ठी डकवून आणि तीवर कॉपी केल्याची तारीख घालून. शिमग्याला येताना तो परत येईल, तेव्हा सहा महिन्यांचं नवं भरून पुन्हा पाठवायचा.